पेशीचे दार आणि विजेची गाळणी

(राष्ट्रीय विज्ञान दिनी, हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१९७६ साली ‘नेचर’ या इंग्रजी शास्त्रीय नियतकालिकात एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. लेखक दोन जर्मन संशोधक होते, एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान. त्या लेखात एक आकृती आहे. प्रथमदर्शनी ती अगदी सामान्य वाटते. एक आडवी, थरथरती रेघ. मधूनच ती एकदम खाली उतरते, थोडा वेळ खालच्या पातळीवर चालते आणि पुन्हा एकदम वर येते. लहान मुलाने ओढलेल्या किल्ल्याच्या तटासारखी. आकृतीखाली प्रयोगाचा तपशील दिला आहे : बेडकाचा स्नायू, तापमान ८ अंश सेल्सिअस, पटलावरील विभव उणे १२० मिलिव्होल्ट, आणि शेवटी एवढेच की ही नोंद २०० हर्ट्झला गाळलेली आहे.

जिवंत पेशीच्या पटलातील एकच रेणू उघडताना आणि मिटताना माणसाने पाहिला तो या रेघेत. पंधरा वर्षांनी, १९९१ साली, या कामासाठी दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचे विवेचन मात्र त्या पारितोषिकाविषयी नसून आकृतीखालच्या शेवटच्या आकड्याविषयी आहे. २०० हर्ट्झ. हा आकडा वाचताना बहुतेकांची नजर त्यावरून घसरते. परंतु काय दिसले आणि काय दिसायचे राहून गेले, या दोहोंचा हिशेब त्यातच दडलेला आहे.

प्रथम पेशीकडे वळू. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे अत्यंत पातळ पटल असते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, त्या स्निग्ध थरातून आपणहून जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे बसविलेली असतात. त्यांना आयन-मार्गिका म्हणतात. ही दारे उघडतात, मिटतात, आणि त्यातूनच हृदय ठोके देते, बोट हलते, डोळ्यांपुढचे अक्षर मेंदूपर्यंत पोहोचते. माकुळाच्या जाड चेतातंतूवर काम करून हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली या विद्युतप्रवाहांचे गणित मांडले आणि १९६३ साली तेही नोबेलचे मानकरी ठरले. तथापि त्यांनी मोजला तो असंख्य दारांतून एकाच वेळी वाहणारा एकत्रित प्रवाह. जत्रेचा कोलाहल दुरून ऐकू यावा, पण त्यात एकाही माणसाचा शब्द वेगळा कळू नये, तशी ती स्थिती होती.

त्या कोलाहलातच काहीतरी अर्थ आहे हे ओळखले बर्नार्ड कात्झ यांनी. लाइपझिगमध्ये जन्मलेले हे ज्यू तरुण डॉक्टर नाझी राजवटीमुळे १९३५ साली जर्मनी सोडून लंडनला गेले आणि पुढे तिथलेच झाले. मेक्सिकोचे रिकार्दो मिलेदी यांच्यासह काम करताना १९७० च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की, स्नायूवर ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडले की पटलाचे विभव नुसते बदलत नाही, ते किंचित थरथरू लागते. दुसऱ्या कोणी हा यंत्राचा दोष मानून गाळून टाकला असता. कात्झ आणि मिलेदी यांनी ती थरथरच मोजली. हजारो दारे आपापल्या लहरीने उघडझाप करीत असतील तर एकूण प्रवाहात अशी कंपने उमटणारच, आणि त्या कंपनांवरून एकेका दाराचा वाटा केवढा व ते किती वेळ उघडे राहत असेल याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. एकाचा गोंगाट तो दुसऱ्याचा संदेश असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण. बर्ट साकमान हे याच कात्झ यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करून जर्मनीला परतले होते.

अंदाज बांधला गेला, तरी एक दार प्रत्यक्ष पाहायचे राहिलेच होते. अडचण आकाराची होती. एका दारातून वाहणारा प्रवाह असतो काही पिकोॲम्पिअर. एक पिकोॲम्पिअर म्हणजे एका ॲम्पिअरचा एक लाख कोटीवा भाग. आयनांच्या भाषेत सांगायचे तर सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन. ही संख्या ऐकायला मोठी वाटते. पण दार काही मिलिसेकंदच उघडे राहते, म्हणजे मोजायला हाती येतात ते काही हजार आयन. नेहेर हे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी, साकमान वैद्यकाचे. ग्योटिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत दोघांनी मिळून युक्ती काढली ती अशी : संपूर्ण पेशीचा प्रवाह मोजायचाच नाही. काचेची एक अतिसूक्ष्म नळी घ्यायची, तिचे गुळगुळीत केलेले तोंड पेशीच्या पटलाला टेकवायचे आणि त्या तोंडाखाली आलेल्या एवढ्याशा ठिगळातला प्रवाह तेवढा मोजायचा. ठिगळ पुरेसे लहान असेल तर त्यात एखाद-दुसरेच दार सापडेल. या पद्धतीचे ‘पॅच क्लॅम्प’ हे नाव या ठिगळावरूनच पडले.

आता गोंगाटाचा प्रश्न उभा राहतो. आजचा विज्ञान दिन आपण पाळतो तो १९२८ साली कलकत्त्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थ. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनी (दोघेही मूळचे स्वीडनचे, हा एक योगायोगच) दाखवून दिले की, कोणत्याही विद्युतरोधात, त्याला बॅटरी जोडलेली नसतानाही, एक क्षीण थरथरता प्रवाह असतोच. त्यातील विद्युतभार उष्णतेने सतत हलत असतात, हे त्याचे कारण. ही कारागिराची चूक नव्हे. उत्तमातले उत्तम उपकरण आणले तरी हा गोंगाट राहणार. तो कमी करण्याचे तीनच मार्ग आहेत : तापमान उतरवावे, रोध वाढवावा, किंवा ज्या वारंवारतांच्या पट्ट्यात आपण ऐकतो तो पट्टा अरुंद करावा.

१९७६ च्या प्रयोगात काचेची नळी आणि पटल यांच्यातला सांधा सुमारे ५० मेगाओहमचा होता. त्याच्या कडेने प्रवाह गळत असे, आणि तो सांधा स्वतःच एक गोंगाट करणारा रोध ठरत असे. बारावीच्या विद्यार्थ्याला करता येईल असा हिशेब आहे. १० किलोहर्ट्झपर्यंतचे सारे ऐकायचे म्हटले तर या सांध्याचा उष्णताजन्य गोंगाट सरासरीने १.८ पिकोॲम्पिअरच्या आसपास येतो, आणि पडद्यावर रेघ वरखाली हेलकावते ती याच्या सहापट, म्हणजे सुमारे ११ पिकोॲम्पिअर. शोधायची होती ती सुमारे ३ पिकोॲम्पिअरची पायरी. ती या हेलकाव्यात कुठल्या कुठे बुडून जाईल. आता पट्टा २०० हर्ट्झपर्यंत आवळला तर तोच गोंगाट पाव पिकोॲम्पिअरवर येतो आणि रेघेचा हेलकावा दीड पिकोॲम्पिअरवर. पायरी डोके वर काढते. २०० हर्ट्झ हा आकडा हौसेने निवडलेला नव्हता. त्याहून फार वर गेले असते तर काहीच दिसले नसते.

विद्युत-गाळणी म्हणजे काय, हे समजायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतील ज्येष्ठांना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. गावाकडून फोन यायचा, आवाज आईचाच आहे हे कळायचे, पण ‘साखर’ म्हणाली की ‘शाखा’ म्हणाली ते उमगत नसे आणि नावे तर अक्षर-अक्षर सोडवून सांगावी लागत. याचे कारण असे की, टेलिफोनच्या तारेतून साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठविला जाई. स्वरांचा बराचसा भाग त्या पट्ट्यात मावतो. ‘स’ आणि ‘श’ यांना एकमेकांपासून वेगळे करणारा घर्षणाचा आवाज मात्र बहुतांशी त्याच्या वर असतो. तारेने तो गाळून टाकलेला असे. आवाज पोहोचे, दंत्य आणि तालव्य यांतील भेद मात्र वाटेतच राही. मराठीच्या शिक्षकांना हा अन्याय विशेष जाणवावा.

दुसरे उदाहरण घरातल्या औषधांच्या डब्यातले. पाऱ्याचा थर्मामीटर मुलाच्या जिभेखाली ठेवून आई पाचच सेकंदांत काढून घेईल तर त्यात ताप दिसणार नाही. ताप नव्हता असे नाही; पाऱ्याला चढायला वेळ मिळाला नाही. कमी वारंवारता तेवढ्या जाऊ देणारी गाळणी नेमकी अशीच असते. सावकाश होणारा बदल ती इमानाने दाखविते, झटपट होणाऱ्या बदलाच्या मागे ती धापा टाकत राहते. २०० हर्ट्झच्या गाळणीला एका पायरीचा बहुतांश चढ चढायला पावणेदोन मिलिसेकंद लागतात. दार ०.९ मिलिसेकंदाहून कमी वेळ उघडले तर रेघ निम्म्या उंचीपर्यंतही पोहोचत नाही, आणि निम्मी उंची ओलांडली की ‘दार उघडले’ असे मानण्याचा प्रघात असल्यामुळे ती घटना मोजणीतून वगळली जाते.

नेहेर आणि साकमान यांचा खरा मोठेपणा इथे दिसतो. गाळणी मंद आहे हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. मग त्यांनी प्रयोगातले बाकी सारे त्या मंद गाळणीला सोयीचे करून घेतले. आकृतीखालचे इतर आकडे आता पुन्हा वाचावेत. तापमान ८ अंश का? थंडीत दारे सावकाश मिटतात. विभव उणे १२० मिलिव्होल्ट का? तितक्या ओढीने प्रवाह मोठा मिळतो. स्नायू असा घेतला की ज्याचा चेतातंतू आधीच तोडलेला आहे. अशा स्नायूवर ॲसिटिलकोलीनची दारे साऱ्या पृष्ठभागावर पसरतात आणि ती नेहमीच्या दारांपेक्षा अधिक वेळ उघडी राहतात. पृष्ठभाग विकरांनी धुऊन स्वच्छ केलेला. रसायनही नुसते ॲसिटिलकोलीन न घेता सुबेरिलडायकोलीन घेतले, कारण त्याने उघडलेले दार जास्त रेंगाळते. असे सगळे जुळवून आणल्यावर दार कितीतरी मिलिसेकंद उघडे राहिले आणि मंद गाळणीतूनही स्पष्ट दिसले. थर्मामीटर मंद आहे ना, तर ताप पुरेसा वेळ राहील अशी व्यवस्था करावी, तसे हे झाले. उत्तरपत्रिकेत नुसते उत्तर लिहून मोकळ्या होणाऱ्या विद्यार्थ्यांना ही आकृती दाखवावी. उत्तर एका रेघेचे आहे आणि रीत मात्र किती पायऱ्यांची!

तरीही काही निसटलेच होते. काय निसटले हे कळायला सांधा सुधारावा लागला. १९८० साली ग्योटिंगेनमध्ये असे आढळले की, नळी नुकतीच ओढलेली व निर्मळ असेल आणि ती पटलाला टेकवून आतून किंचित शोषून घेतले, तर काच आणि पटल एकमेकांना असे काही चिकटतात की सांध्याचा रोध एकदम १० गिगाओहम किंवा त्याच्याही पुढे उडी घेतो. पूर्वीच्या दोनशेपट! हे शोषण अनेकदा प्रयोगकर्ता नळीला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडानेच करतो. यंत्रांच्या राशीत बसून माणसाने शेवटी एक हलकासा श्वास ओढायचा आणि त्यावर सारे अवलंबून असायचे, हे दृश्य मोठे गमतीचे आहे. हामिल, मार्टी, नेहेर, साकमान आणि सिगवर्थ या पाच जणांनी १९८१ साली ही सुधारित रीत सविस्तर लिहून काढली आणि तो लेख जगभरच्या प्रयोगशाळांची जणू पोथीच झाला.

नव्या सांध्याने गोंगाट सुमारे चौदा पटींनी घटला. नळीच्या काचेचा आणि ॲम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट उरतोच. पण आता गाळणी २०० हर्ट्झवरून काही हजार हर्ट्झपर्यंत उघडता येऊ लागली. पाऱ्याचा थर्मामीटर जाऊन त्याजागी चपळ थर्मामीटर आला. आणि काय दिसले? जुन्या नोंदीत जे एक सलग उघडणे वाटत होते ते सलग नव्हते. दार उघडते, क्षणभर मिटते, पुन्हा उघडते, पुन्हा मिटते, आणि अशा काही फेऱ्या झाल्यावरच दीर्घकाळ बंद होते. मधल्या या मिटण्याच्या वेळा मायक्रोसेकंदांत मोजाव्या लागतात इतक्या अल्प आहेत. मंद गाळणीने त्या भेगा लिंपून भिंत सपाट केली होती.

लंडनचे डेव्हिड कोल्हून आणि संख्याशास्त्रज्ञ ॲलन हॉक्स यांनी अशा भेगा असायला हव्यात हे १९७७ पासून कागदावर गणिताने मांडायला सुरुवात केली होती. १९८१ साली कोल्हून आणि साकमान यांनी त्या प्रत्यक्ष नोंदीत दाखविल्या आणि १९८५ साली त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. एवढ्याशा फटींसाठी इतका खटाटोप कशाला, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की, औषध कसे काम करते याचा उलगडा त्या फटींत आहे. एखादे रसायन दाराला चिकटते ही एक गोष्ट आणि चिकटल्यावर दार उघडते ही दुसरी. दोन औषधे सारखीच चिकटत असतील, पण एकाने दार पटकन उघडेल, दुसऱ्याने क्वचितच. त्या अल्प फटींच्या काळात रसायन अद्याप चिकटलेलेच असते. दार मिटून पुन्हा किती लवकर उघडते यावरून त्या रसायनाची दार उघडण्याची ताकद काढता येते. म्हणजे अनेक वर्षे चर्चिल्या गेलेल्या एका प्रश्नाचे उत्तर गाळणीने ‘गोंगाट’ म्हणून टाकलेल्या भागात पडून होते.

गाळणी कितीही उघडली तरी काही घटना निसटणारच, हेही मग मान्य करावे लागले. १० किलोहर्ट्झच्या गाळणीलादेखील सुमारे १८ मायक्रोसेकंदांहून लहान घटना निम्म्या उंचीपर्यंत दिसत नाहीत. त्यावर कोल्हून, हॉक्स आणि जलाली यांनी १९९० साली काढलेला मार्ग मोठा प्रामाणिक आहे. अमुक काळापेक्षा लहान घटना आम्हाला दिसत नाहीत असे आधीच जाहीर करायचे, आणि न दिसलेल्यांमुळे दिसलेल्यांच्या मोजमापात किती फरक पडला असेल तो गणिताने भरून काढायचा. वर्गात गैरहजर असलेल्या मुलांची नोंद हजेरीपटात असते म्हणूनच वर्गाची सरासरी खरी ठरते. त्यातलाच हा प्रकार.

गाळणीची निवड हाही स्वतंत्र विषय आहे. ब्रिटिश अभियंता स्टीफन बटरवर्थ याने १९३० साली सुचविलेली गाळणी नको असलेल्या वारंवारता चांगल्या छाटते, परंतु पायरी आली की ती आपल्या जागी थांबत नाही, थोडी वर उसळते आणि डोलून मग स्थिर होते. किल्ल्याच्या तटाला अशी खोटी शिंगे फुटली तर दार जास्त उघडले की काय असा भ्रम होतो. म्हणून या क्षेत्रात बेसेल यांच्या नावाची गाळणी वापरतात. ती छाटायला थोडी ढिली, पण पायरीचा आकार जवळजवळ तसाच राखते. फ्रीडरिश बेसेल हे एकोणिसाव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञ. हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर १८३८ साली त्यांनी मोजले, आणि कोणत्याही दूरच्या ताऱ्याचे विश्वासार्ह अंतर जगाला प्रथमच कळले. त्यांना पेशींची दारे आणि विजेच्या गाळण्या यांची कल्पनाही नव्हती. त्यांच्या गणितावरून ही गाळणी बनविली गेली ती विसाव्या शतकात. आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी : बेसेल चौदाव्या वर्षी शाळा सोडून ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीत उमेदवारीला लागले होते आणि गणित-खगोल त्यांनी रात्री जागून स्वतःच शिकून घेतले. (शाळा सोडण्याच्या समर्थनार्थ हे उदाहरण कोणी वापरू नये, एवढी विनंती!)

आणखी एक शत्रू आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, घरातल्या विजेची घरघर. जर्मनीत काय आणि भारतात काय, मुख्य पुरवठा ५० हर्ट्झचा. दिवे, पंखे, तारा यांतून ती घरघर नोंदीत शिरते. नवशिका विद्यार्थी म्हणतो, फक्त ५० हर्ट्झ कापणारी गाळणी लावू आणि मोकळे होऊ. जाणते त्याला अडवतात. चौकोनी पायरीत ५० हर्ट्झचाही अंश असतो. तो कापला की सपाट माथा वाकतो, रेघ झुकते, आणि घरघर जाऊन खोटेपणा येतो. त्यापेक्षा उपकरणाभोवती धातूच्या जाळीचा पिंजरा उभारावा, सर्व तारा एकाच ठिकाणी भूमीला जोडाव्यात, कुठला दिवा घरघरतो ते एकेक बंद करून शोधावे. दळण घेण्यापूर्वी धान्य निवडून घ्यावे, पिठातले खडे मागाहून चाळत बसू नये, हे आपल्या घरच्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही.

संगणक आल्यापासून नोंद आकड्यांच्या रूपाने साठविली जाते, आणि तिथे एक गाळणी मात्र आधीच लावावी लागते. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना सर्वांनी पाहिले असेल. कॅमेरा सेकंदाला ठरावीक चित्रे घेतो, चाकाचे आरे त्याहून वेगाने सरकतात, आणि डोळ्यांना भलतीच गती दिसते. नोंद घेण्याच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वारंवारता आत आल्या तर त्या अशाच वेषांतर करून संथ लहरींच्या रूपाने वावरतात, आणि मग त्यांना ओळखून बाहेर काढता येत नाही. म्हणून त्या प्रवेशद्वारावरच अडवायच्या. बाकीची गाळणी मात्र नंतर करावी असा आता शिरस्ता आहे : मूळ नोंद जमेल तितकी रुंद घ्यावी, ती तशीच जपून ठेवावी आणि गाळायची ती तिची प्रत. आज जो गोंगाट वाटतो त्यात उद्या कोणाला काय सापडेल हे सांगता येत नाही, आणि एकदा गाळून टाकलेले परत आणता येत नाही.

या साऱ्याचा मुलाबाळांच्या आरोग्याशी काय संबंध, हे सांगून विषय संपवू. स्वादुपिंडातील ज्या पेशी इन्शुलिन तयार करतात त्यांच्या पटलात पोटॅशियमची एक मार्गिका असते. ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट यांनी १९८४ साली पॅच क्लॅम्पच्या नोंदीत पाहिले की, पेशीला ग्लुकोज दिले की या मार्गिकेच्या त्या चौकोनी पायऱ्या विरळ होत जातात, दारे मिटतात. दारे मिटली की पटलाचे विभव बदलते, कॅल्शियम आत येते आणि इन्शुलिन बाहेर पडते. जेवणानंतर आपल्या प्रत्येकाच्या शरीरात हे घडते. पुढे २००४ साली इंग्लंडमधील एक्सेटरच्या संशोधकांनी, ॲशक्रॉफ्ट यांच्यासह, असे दाखविले की, जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होणाऱ्या काही बालकांत याच मार्गिकेच्या जनुकात दोष असतो. ते दार नीट मिटतच नाही. ग्लुकोज कितीही वाढो, दार उघडे, आणि इन्शुलिन आतल्या आत अडकलेले. या मुलांना इन्शुलिनच्या सुया जन्मभर घ्याव्या लागतील असेच तोवर समजले जाई. पण हेच दार दुसऱ्या बाजूने मिटवणाऱ्या गोळ्या मोठ्या माणसांच्या मधुमेहासाठी कित्येक वर्षे बाजारात होत्या. त्या दिल्या तर? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा जनुकदोष असलेल्या ४९ रुग्णांना त्या गोळ्या देण्यात आल्या आणि त्यांतील ४४ जणांची इन्शुलिनची सुई सुटली. मुलांमधला नेहमीचा मधुमेह याहून वेगळा असतो आणि त्यात इन्शुलिन थांबवणे जिवावर बेतू शकते, हे पालकांनी कृपया ध्यानात ठेवावे. मात्र सहा महिन्यांच्या आतील बाळाला मधुमेह निघाला तर जनुकतपासणीविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

सभागृहाच्या बाहेर, जिन्याजवळच्या टेबलावर, नववीच्या विद्यार्थ्यांनी एक छोटी गाळणी मांडून ठेवली आहे. ८.२ किलोओहमचा एक रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचे एक धारित्र, एवढीच सामग्री. हिशेब केला तर ती जवळपास २०० हर्ट्झचीच निघते. तिच्या एका बाजूला तबल्याची ध्वनिफीत आणि दुसऱ्या बाजूला ॲम्प्लिफायर व कर्णफोन आहे. आधी गाळणीविना ऐकावे, मग बटण दाबून गाळणीतून ऐकावे. डग्ग्याचा घुमार तसाच राहतो आणि चाटेवरचा ‘ना’ पुसट होत जातो. चहापानाला अवकाश आहे; रांग लावून एकेकाने ऐकावे, आणि बटण हलक्या हाताने दाबावे, ते मुलांनी स्वतः जोडलेले आहे.